स्टेपनी

मायरनने अल्बर्टाला जाताना किल्ली टेबलावर ठेवली.
"तिकडे तेलाच्या कामावर ट्रक कंपनीचा असतो. हा तू चालव."
चाकांबद्दल काही बोलला नाही.

चोवीस इंची काळी रिम, वर टीचभर रबर.
पंपावरची पोरं वाकून वाकून बघायची.
मी बघायचे मागे:
मधमाश्यांच्या वीस पेट्या,
भरल्या की एकेक तीस-पस्तीस किलोची,
आणि खाली डांबर नाही, खडी.
नाकापेक्षा मोती जड.

परवा त्या मोत्याला पोचा आला.
धान्याच्या जुन्या कोठाराशी, वळणावर,
खड्डा काही फार मोठा नव्हता.
रिम वाकली जर्मनच्या थाळीसारखी.
मी उतरले. इंजिन बंद होताच
माश्या जाळीशी गोळा झाल्या.
त्यांना वाटलं, पोचलो.

एमरीचं दुकान, भिंतीवर चाकंच चाकं,
काही तर इतकी चकचकीत की त्यांत माझाच चेहरा
आठ पाकळ्यांत कापलेला.
"सतरा इंची," मी म्हटलं. "पोलादी."
"राखाडीच आहेत. उठून दिसायची नाहीत."
"नकोच दिसायला."

मग मापं. बोल्ट सहा, त्यांच्यातलं अंतर,
मधल्या भोकाचा घेर,
रिम आत किती बसते, बाहेर किती डोकावते.
एमरी एक मिलिमीटर खपवून घेत नाही,
सोयरीक जुळवणाऱ्या आत्यासारखा.
टायर दहा प्लायचे, वजन पेलणारे.
चिखलाचे मोठे दात नकोत, ते रस्ताभर रडतात.
कडेवर डोंगर कोरलेला हवा,
डोंगराच्या पोटात बर्फाचं फूल;
इथे ऑक्टोबर विचारून येत नाही.

"चार?"
"चार. स्टेपनी आहे की."

तो ट्रकखाली सरपटत गेला,
साखळी सोडून तिला बाहेर काढली.
सतरा इंची! कारखान्यातली, मूळची,
इतकी वर्षं वरच्या बड्या चाकांशी
माप न जुळणारी.
नक्षी अजून कोरी, रबराची बारीक लव सुद्धा शाबूत.
एमरीने कडेची धूळ थुंकीने पुसली,
चार आकडे वाचले: तेविसावा आठवडा, दोन हजार अकरा.
अंगठ्याने दाबलं तशा भेगा उघडल्या,
कोरड्या ओठांसारख्या.
"एकदाही जमिनीला लागली नाही," मी म्हटलं.
"त्याने काय होतंय," तो म्हणाला. "टांगून ठेवलं तरी वय होतंच."

मी पाच घेतले.

जॅकवरून ट्रक उतरला तेव्हा
पायरी गुडघ्याखाली आली.
इतके महिने मी त्यात चढत होते, आज नुसती बसले.
एमरी खिडकीशी रेलला:
"काटा आता खरं बोलेल.
त्या पस्तीस इंचीवर तो शंभर दाखवायचा ना,
तेव्हा तू एकशे नऊने जात होतीस."

म्हणजे मायरन खोटं बोलत नव्हता.
ख्रिसमसला दरवर्षी जेवणाआधी तासभर हजर,
आई ओरडायची, किती पळवतोस,
आणि तो गाजराच्या ताटावर हात ठेवून शपथेवर सांगायचा,
शंभरच्या वर गेलो नाही.
आणि किलोमीटरही कमीच मोजले त्याने.
होता त्याहून जवळ आहे असंच
ट्रक त्याला सांगत राहिला.

रात्री त्याचा फोन. मागे कुठेतरी पंप धडधडत होता.
"माझी चाकं?"
"तीन गोठ्यात आहेत. एक वाकलं."
बराच वेळ नुसता पंप.
"मग स्टेपनी बसली का तरी?"
मी म्हटलं, नाही. कारण सांगितलं.
तो म्हणाला, हं.

एमरीने बजावलंय: शंभर किलोमीटर झाले की परत ये,
नवं चाक आधी थोडं बसतं, नट पुन्हा आवळावे लागतात.
काट्यावर आत्ता सत्तेचाळीस.
खरे.